मागच्या दिवाळीची लस यंदाच्या पावसाळ्याला पुरेल का?

प्रश्न : माझे सासरे (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. मधुमेह जुना आहे आणि पाच वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्यांना फ्लूची लस दिली. आता एप्रिल २०२५ चालू आहे आणि आमचे डॉक्टर म्हणतात, मे महिन्यात पुन्हा घ्या. अजून वर्षही झालेले नाही. अण्णा म्हणतात, "लहानपणी देवीडॉक्टरने टोचले, दंडावर वण अजून आहे, जन्मात देवी आल्या नाहीत, मग याच लशीला दर सहा महिन्यांनी काय धाड भरते?" शेजारचे काका सांगतात की सारखी लस घेतली की शरीराला तिची सवय लागते. कोविडचे तीन डोस झाले आहेत, शेवटचा एप्रिल २०२२ मध्ये. त्यातले काही उरले असेल का? मध्यंतरी एका लॅबमध्ये कोविडच्या अँटिबॉडी तपासल्या तर आकडा भरपूर आला, तेव्हापासून अण्णा निर्धास्त आहेत. घरात पाच वर्षांचा नातूही आहे, त्याला फ्लूची लस कधीच दिलेली नाही. खोक्याचा फोटो सोबत जोडला आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : स. न. वि. वि. खोक्याचा फोटो पाठवलात हे फार बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या खोक्यावरच छापलेले आहे; त्याकडे मी पुढे येतो. आधी थोडक्यात सांगायचे तर तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे, आणि वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता अण्णांना मे महिन्यात लस द्यावी. मात्र अण्णांच्या प्रश्नाला 'डॉक्टर सांगतात म्हणून' एवढेच उत्तर देऊन भागणार नाही. ते शिक्षक आहेत आणि त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी मुळाचा आहे : एका लशीचे संरक्षण जन्मभर पुरते आणि दुसरीचे पावसाळाभर पुरण्याचीही पंचाईत, असे का?

त्यांच्या दंडावरच्या वणापासूनच सुरुवात करू. देवीची लस अतिशय टिकाऊ होती यात शंका नाही. ती टोचून घेतलेल्यांच्या रक्तात अनेक दशकांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे (म्हणजेच अँटिबॉडी) सापडलेली आहेत. तरीही ती एकदाच टोचून भागत असे, हे मात्र पूर्ण खरे नाही. काही वर्षांनी संरक्षण उणावते हे तेव्हाही माहीत होते, म्हणून देवी पुन्हा टोचण्याची पद्धत होती, आणि अण्णांच्या पिढीतल्या अनेकांच्या दंडावर एकाहून अधिक वण दिसतात ते काही उगीच नाही. अण्णांना जन्मात देवी आल्या नाहीत याचे आणखी एक कारण असे की १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्णच उरला नाही. लस टिकली हे खरे, पण ती टिकते आहे की नाही याची परीक्षा घेणारा विषाणूच देशातून गेला. फ्लूच्या लशीला ही सवलत कधीच मिळालेली नाही. तिची परीक्षा दरवर्षी होते.

जन्मभराच्या संरक्षणाचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र देवीचे नसून गोवराचे आहे. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि त्यानंतर पासष्ट वर्षे तो आजार तिकडे फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परत आला तेव्हा पावणेआठ हजारांच्या वस्तीत सुमारे सहा हजार माणसे आजारी पडली. डेन्मार्कच्या सरकारने पाठवलेला पानुम नावाचा तरुण डॉक्टर गावोगाव फिरून नोंदी करत होता; त्याला असे आढळले की १७८१ मध्ये लहानपणी ज्यांना गोवर येऊन गेला होता आणि जे म्हातारे होऊन अजून हयात होते, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधल्या काळात त्या विषाणूने त्यांच्या शरीराला आठवण करून देण्याची संधी कधीच घेतली नव्हती, तरी ती आठवण पासष्ट वर्षे शाबूत राहिली.

मग फ्लूच्या बाबतीत असे का घडत नाही? याची दोन कारणे आहेत. त्यांपैकी विषाणू रूप बदलतो हे कारण बहुतेकांनी ऐकलेले असते, पण दुसरे फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते आधी तेच समजून घ्यावे.

गोवराचा विषाणू शिरतो श्वासावाटेच, पण तेवढ्यावर थांबत नाही. तो रक्तातून सर्व शरीरभर फिरतो आणि ताप दिसू लागेपर्यंत दहाएक दिवस जातात. शरीरात जुन्या ओळखीच्या ज्या पेशी सुप्त पडून असतात (त्यांना स्मरणपेशी म्हणतात) त्यांना जागे होऊन संख्येने वाढायला आणि प्रतिपिंडे तयार करायला चार-पाच दिवस लागतात. गोवर त्यांना तेवढा वेळ देतो. फ्लू देत नाही. फ्लूचा विषाणू नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरावरच आपला संसार मांडतो, सहसा रक्तात उतरत नाही, आणि संसर्गापासून साधारण दोन दिवसांत माणूस तापाने फणफणतो. स्मरणपेशी जाग्या होऊन कामाला लागतात तेव्हा बैल गेला आणि झोपा केला अशी गत झालेली असते. अगदी तशीच नव्हे, कारण बैल गोठ्यातून सुटला असला तरी अजून अंगणातच असतो. म्हणजे नाका-घशापर्यंत आजार पोहोचला असला तरी फुफ्फुसात खोलवर उतरण्यापूर्वी त्याला अडवता येते. म्हणून लस घेतलेल्या माणसाला सर्दी-ताप होऊ शकतो आणि तरीही ती लस वाया गेली असे होत नाही.

संसर्गच होऊ नये असे वाटत असेल तर विषाणू नाकात शिरतो त्या क्षणी प्रतिपिंडे तिथे तयार हजर असावी लागतात, आणि नेमकी तीच सर्वांत लवकर ओसरतात. रक्तातल्या नेहमीच्या प्रतिपिंडांचे प्रमाण, नवी भर पडली नाही तर, सुमारे तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. ती वर्षानुवर्षे टिकलेली दिसतात ती हाडांच्या मगजात बसून सतत नवी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींमुळे. लशीने अशा किती पेशी मगजात कायमच्या वसवल्या यावर तिचा टिकाऊपणा बराचसा ठरतो, आणि फ्लूची नेहमीची मृत विषाणूची लस या कामात फारशी हुशार नाही. शिवाय दंडात टोचलेल्या सुईमुळे प्रतिपिंडे तयार होतात ती मुख्यतः रक्तात. नाकाच्या अस्तरावर जी वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडे पहारा देतात त्यांना तिचा फायदा थोडाच होतो.

हे निव्वळ लशीचे वैगुण्य आहे असेही समजू नये, कारण खुद्द आजार होऊन गेला तरी श्वसनमार्गाचे अनेक विषाणू पुन्हा गाठतात. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ साध्या सर्दीचा अभ्यास करणारे एक केंद्र १९४६ पासून १९९० पर्यंत चालू होते. तेथे स्वेच्छेने आलेल्या माणसांच्या नाकात सर्दीचा एक कोरोना विषाणू, अर्थात कोविडचा नव्हे तर त्याचा एक गरीब चुलतभाऊ, मुद्दाम सोडण्यात आला. वर्षभराने त्याच माणसांच्या नाकात तोच विषाणू पुन्हा सोडला, तेव्हा पहिल्या वेळी संसर्ग झालेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांना तो पुन्हा झाला. सर्दी मात्र त्यांच्यापैकी एकालाही झाली नाही. म्हणजे वर्षभरात संसर्ग रोखण्याची ताकद गेली, पण आजार रोखण्याची राहिली. अण्णांना हा एकच प्रयोग सांगितलात तरी 'लस किती दिवस टिकते' या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून का देता येत नाही, ते त्यांच्या लक्षात येईल. कशापासून संरक्षण हवे आहे ते आधी विचारावे लागते.

आता खोक्याकडे वळतो. त्यावर '२०२४-२५, उत्तर गोलार्ध' असे छापले असून खाली बारीक अक्षरांत चार नावे आहेत. ही नावे वाचायची रीत सोपी आहे : आधी विषाणूचा प्रकार, मग तो ज्या ठिकाणी सापडला ते ठिकाण, मग नमुन्याचा क्रमांक आणि शेवटी साल. तुमच्या खोक्यावर एच३एन२ या उपप्रकारापुढे थायलंड, ८, २०२२ असे आहे. दक्षिण गोलार्धासाठीच्या २०२५ च्या लशीत त्या जागी क्रोएशिया येथे २०२३ मध्ये सापडलेल्या विषाणूचे नाव आहे. एच१एन१ आणि 'बी' प्रकारातील व्हिक्टोरिया या शाखेचे घटक तेच राहिले आहेत. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, जगभरातून आलेले नमुने पाहून ही यादी ठरवते. म्हणजे मे महिन्यात अण्णांना मिळेल ती लस नावाने तीच असली तरी तिच्यातला एक महत्त्वाचा घटक बदललेला असेल. त्यातही एच३एन२ हा वृद्धांना अधिक त्रास देणारा आणि वेष बदलण्यात सर्वांत तरबेज असा उपप्रकार आहे, त्यामुळे हा बदल किरकोळ मानू नये.

तुमच्या खोक्यावरचे चौथे नाव फुकेत, २०१३ असे आहे. हा 'बी' प्रकारातल्या यामागाता शाखेचा विषाणू. मार्च २०२० नंतर ही शाखा जगात कुठेही खात्रीने आढळलेली नाही. कोविडच्या काळातल्या टाळेबंदीने आणि मुखपट्ट्यांनी बहुधा तिचा निकाल लावला. म्हणून आता तीनच घटकांची लस पुरेशी मानली जाते. केमिस्टने चारऐवजी तीन घटकांची लस पुढे केली तर जुना किंवा हलका माल गळ्यात मारतो आहे असे समजून परत करू नका.

विषाणूचे रूप बदलणे म्हणजे आपली आठवण पुसली जाणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरून महाराष्ट्रभर पसरलेल्या ज्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, त्या काळात जन्मलेल्या किंवा बालपणात असलेल्या अमेरिकेतल्या ३२ वृद्धांचे रक्त तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे वय तेव्हा ९१ ते १०१ होते, आणि नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे होती. आठवण पक्की होती. पण रस्त्यावर हिंडणारा चोर आता वेगळाच होता.

आता हिशेब मांडू. फ्लूची लस घेतल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिचा पूर्ण प्रभाव येतो. लस आणि त्या हंगामातला विषाणू यांचे बऱ्यापैकी जुळले तर डॉक्टरकडे जावे लागेल इतक्या फ्लूचा धोका ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते; याहून मोठा आकडा कोणी सांगितला तर सावध राहावे. अमेरिकेत अनेक हंगामांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असे दिसले की हे संरक्षण त्यानंतर दर महिन्याला सुमारे ७ अंशांनी घटते, म्हणजे ५० वरून ४३, मग ३६ असे. रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षणही वृद्धांमध्ये याच प्रकारे उतरत जाते. हे सरासरीचे आणि ढोबळ गणित आहे, अण्णांच्या शरीरात नेमके काय घडले ते त्यावरून सांगता येत नाही. पण नोव्हेंबरमध्ये ५० धरले तर मे महिन्यापर्यंत त्यातले किती उरते हे गुरुजींना पाटीवर मांडून दाखवायची गरज नाही.

आणि मे महिनाच का, तर आपल्याकडचा फ्लू पावसाबरोबर येतो. युरोप-अमेरिकेत तो हिवाळ्याचा पाहुणा आहे, म्हणून तिकडची मंडळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात, आणि इंटरनेटवर वाचून आपल्याकडेही अनेकजण तोच महिना धरून बसतात. भारताच्या बऱ्याच भागांत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. श्रीनगरमध्ये ती जानेवारी ते मार्चच्या थंडीत, तर चेन्नई आणि वेल्लोरकडे परतीच्या पावसात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसते. महाराष्ट्रात हिवाळा सरताना एक छोटी लाट असते आणि पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, दुसरी. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तोही ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा दुकानांतून मुखपट्ट्या संपल्या आणि लोक रुमाल बांधून फिरू लागले, हे ज्यांनी पाहिले त्यांना ऑगस्ट आणि फ्लू हे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नोव्हेंबरमध्ये घेतलेली लस हिवाळ्याच्या लाटेला उपयोगी पडली असेल. ऑगस्टमध्ये ती नऊ महिन्यांची झालेली असेल. लशीचे वर्ष दिवाळी ते दिवाळी न मोजता पावसाळा ते पावसाळा मोजावे, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला सांगतो. सहा महिन्यांनी पुन्हा घेण्याचा प्रसंग त्यामुळे फक्त यंदा येईल. पुढच्या वर्षापासून दर मे महिन्यात एकच. दोन डोसांतले सहा महिन्यांचे अंतर सुरक्षिततेच्या दृष्टीने पुरेसे आहे.

शेजारच्या काकांच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे, तो लपवणार नाही. वर्षानुवर्षे लस घेणाऱ्यांना काही हंगामांत, विशेषतः एच३एन२ च्या बाबतीत, त्याच वर्षी पहिल्यांदा घेणाऱ्यांपेक्षा थोडा कमी लाभ झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. याचे एक स्पष्टीकरण असे की जुनी प्रतिपिंडे नव्या लशीतला घटक स्मरणपेशींनी नीट पाहण्याआधीच झाकून टाकतात. परंतु त्याच अभ्यासांत, दरवर्षी घेणारेसुद्धा अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा एकूणात बऱ्या स्थितीत राहिलेले दिसतात. याला सवय म्हणत नाहीत. झोपेच्या गोळीची सवय लागते ती ती सोडल्यावर झोप येईनाशी होते म्हणून. लस थांबवल्याने शरीर पूर्वीपेक्षा दुबळे होत नाही.

कोविडच्या डोसांविषयी. एप्रिल २०२२ चा डोस संसर्ग रोखण्याच्या कामी केव्हाच निवृत्त झाला. आपल्याकडे कोविशील्ड म्हणून मिळालेल्या लशीचे इंग्लंडमधले जे मोजमाप आहे, त्यात दोन डोसांनंतर पाच-सहा महिन्यांनी ओमायक्रॉनच्या लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून जवळपास काहीच संरक्षण उरले नव्हते. गंभीर आजाराची गोष्ट निराळी. विषाणूने बाहेरचे काटे बदलले की प्रतिपिंडे चुकतात, पण टी पेशी नावाच्या ज्या दुसऱ्या फळीतल्या पेशी बाधित पेशी ओळखून नष्ट करतात त्या विषाणूचे अनेक तुकडे ध्यानात ठेवतात, आणि ते सगळे एकदम बदलणे त्याला जमत नाही. म्हणून रुग्णालय आणि मृत्यू यांपासूनचे संरक्षण पुष्कळ जास्त टिकले. शिवाय अण्णांना कोविड नकळत होऊन गेला असण्याची शक्यता दाट आहे : २०२१ च्या जून-जुलैमधल्या देशव्यापी पाहणीतच सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती, आणि ओमायक्रॉन त्यानंतर आला. लस आणि संसर्ग अशी दुहेरी शिदोरी एकट्या लशीपेक्षा अधिक पुरते. वय आणि जुने आजार असणाऱ्यांनी शेवटच्या डोसानंतर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा डोस घ्यावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. आपल्याकडे मात्र तशी मोहीम आता चालू नाही. डॉक्टरांना नवी लस मिळाली आणि त्यांनी सुचवली तर नाही म्हणू नका, पण तिच्या शोधात फ्लूची लस मागे पडू देऊ नका. दोन्हींत आधी फ्लू, असे माझे मत आहे.

लॅबच्या त्या आकड्यावर अण्णांनी निर्धास्त राहू नये. ती तपासणी प्रतिपिंडे आहेत का आणि किती, एवढेच सांगते. ती आज फिरणाऱ्या विषाणूला निकामी करतात का हे सांगत नाही. कोविडच्या बाबतीत अमुक आकड्याच्या वर माणूस सुरक्षित अशी कोणतीही सर्वमान्य रेषा ठरलेली नाही, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२१ मध्येच लसीकरणानंतर प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी ही तपासणी वापरू नये असे सांगितले होते. त्याहूनही साधी गोष्ट अशी की तो आकडा कोविडचा आहे. त्याचा फ्लूशी काडीचा संबंध नाही. कागदावर हिरव्या रंगात छापलेला मोठा आकडा माणसाला किती धीर देतो हे मी समजू शकतो, पण ते पैसे लशीवर खर्च झाले असते तर बरे झाले असते.

अण्णांच्या अँजिओप्लास्टीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, माझ्या दृष्टीने मात्र पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. कॅनडात तपासून निश्चित झालेल्या फ्लूच्या रुग्णांवर केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. तापाने नाडी वाढते, रक्त गोठण्याकडे झुकते, धमनीतला जुना थर दुखावतो. ज्यांच्या हृदयाच्या धमनीत आधीच एक स्टेंट बसलेला आहे त्यांच्यासाठी फ्लू म्हणजे फक्त चार दिवसांची कणकण नव्हे. वयामुळे लशीला मिळणारा प्रतिसादही मंद असतो. म्हणूनच ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी नेहमीच्या चौपट मात्रेची लस तयार झाली, आणि मोठ्या चाचणीत तिने साध्या लशीच्या तुलनेत फ्लूचे प्रमाण आणखी २४ टक्क्यांनी घटवले. ती तुमच्याकडे मिळते का हे डॉक्टरांना विचारून पाहा. नसेल तर साधी घ्या, तिच्यासाठी जून उजाडू देऊ नका.

श्वसनमार्गाची प्रत्येक लस दरवर्षीच घ्यावी लागते असा मात्र समज करून घेऊ नका. वृद्धांसाठी २०२३ मध्ये परदेशात मान्यता मिळालेल्या आरएसव्ही या विषाणूवरच्या एका लशीचे संरक्षण पहिल्या हंगामात सुमारे ८३ टक्के होते आणि तीन हंगाम एकत्र धरले तरी ६३ टक्क्यांच्या आसपास राहिले. तो विषाणू फ्लूइतका बहुरूपी नाही, त्याचा हा परिणाम.

नातवाचे थोडक्यात सांगतो. नऊ वर्षांखालच्या मुलाला फ्लूची लस आयुष्यात पहिल्यांदा देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, कारण त्याच्या शरीराजवळ ताजी करावी अशी जुनी ओळखच नसते. त्यामुळे त्याची सुरुवात अण्णांच्याही आधी, याच महिन्यात व्हायला हवी. शाळा सुरू झाल्यावर फ्लू घरात आणण्याचे काम बहुधा तोच करणार आहे.

शेवटी प्रत्यक्ष लस घेण्याविषयी. आपल्याकडे अनेकदा रुग्णच केमिस्टकडून लस विकत घेऊन दवाखान्यात नेतो, आणि संरक्षण किती टिकणार याचा निकाल कधी कधी त्या वीस मिनिटांतच लागतो. ही लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तापमान किती असते ते तुम्ही जाणताच. उलट, अतिकाळजीने तिला थेट बर्फात गाडून नेणारेही भेटतात, आणि गोठलेली लस ही तापलेल्या लशीइतकीच निकामी असते. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी आणि लशीचे खोके तिला न टेकता बसवावे. दवाखान्याच्या फ्रिजमधलीच लस मिळत असेल तर हा खटाटोपच नको. खोक्यावर 'दक्षिण गोलार्ध, २०२५' हे शब्द आणि मुदतीची तारीख स्वतः वाचा. सिरिंजवरचे चिकटपत्र अण्णांच्या फाइलमध्ये लावून शेजारी तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात आठवणीवर विसंबावे लागणार नाही. दंड एक-दोन दिवस दुखेल, किंचित कणकण वाटेल. लशीतला विषाणू मृत असल्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही.

मान्सून सांगलीकडे साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. प्रभाव यायला लागणारे दोन आठवडे त्यातून वजा केले तर अण्णांसाठी मे महिन्याचा मध्य ही योग्य वेळ ठरते. आणि लस घेऊनही पावसाळ्यात त्यांना एकाएकी ताप, अंगदुखी आणि खोकला सुरू झाला, तर 'लस घेतली आहे, फ्लू नसेल' असे म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. फ्लूवरच्या गोळ्यांचा सर्वाधिक उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि लशीची तारीख व अँजिओप्लास्टी या दोन्ही गोष्टी त्यांना सांगा.